लीलावतीचा मोती आणि भास्कराचार्यांची काठी



म्हसवडला दिवाळीच्या पाडव्याला घट बसतात, तुळशीच्या लग्नाला सिद्धनाथ-जोगेश्वरीचे लग्न लागते आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला देवाचा रथ निघतो. जिथे देवालाही तिथी पाळावी लागते, तिथे माणसांच्या लग्नात मुहूर्ताची धांदल असायचीच! आज भटजी मनगटावरचे घड्याळ पाहतात. पूर्वी मांडवात घंगाळभर पाणी ठेवून त्यात घटिकापात्र सोडीत. तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक. वाटी भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, सरली. दिवसरात्रीच्या अशा ६० घटका. आकाशातल्या सूर्याचा हिशेब घंगाळात मांडण्याची ही युक्ती सूर्यसिद्धांतातही सांगितली आहे.

या वाटीभोवती एक कथा गुंफली गेली. भास्कराचार्यांनी मुलीच्या, लीलावतीच्या, लग्नासाठी एकच शुभ घटका शोधून काढली आणि वाटी पाण्यात सोडली. पोर कुतूहलाने वाकली. तिच्या अंगावरचा एक मोती वाटीत पडला आणि भोक बुजले. वाटी बुडेना. मुहूर्त कधी टळला, ते कोणालाच कळले नाही. लग्न राहिले. मग बापाने तिच्या नावाने गणिताचा ग्रंथ लिहिला.

कथा हृदयाला भिडते. पण हा इतिहास आहे काय? भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, ‘सिद्धांतशिरोमणि’ ११५० चा. ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग. पण त्यात ही हकीकत नाही. ती येते फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी! चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आचार्यांचे नातू चांगदेव यांचा १२०७ सालचा शिलालेख आहे. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे, वंशावळही आहे. लीलावती मात्र नाही. अर्थात वंशावळी पुरुषांच्याच लिहीत, तेव्हा एवढ्यावरून ती नव्हतीच असेही म्हणता येत नाही.

तरीही ही कथा टिकली, कारण ती एक खरी भीती बोलून दाखवते. माणसाने आपले सारे भाग्य एका यंत्राच्या भोकावर टांगले, की एक मोती पुरतो.

आणि स्वतः आचार्य काय म्हणतात? यंत्राध्यायात ते पाण्याच्या घटीपासून आपोआप फिरणाऱ्या चक्रापर्यंत अनेक यंत्रे वर्णितात. शेवटी मात्र श्रेष्ठ ठरवतात ते ‘धीयंत्र’, म्हणजे बुद्धी. हातात एक काठी घ्यावी, बांबूच्या बुंध्याकडे आणि शेंड्याकडे ती रोखून पाहावे. त्याचे अंतर आणि उंची गणिताने काढता येते.

काठी तर आपल्या माणदेशात मेंढरांमागे जाणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर आहे. गुरुजींनी एखाद्या दिवशी ती मुलांच्या हाती देऊन शाळेपुढच्या लिंबाची उंची काढायला सांगावी. लीलावतीची गोष्ट सांगायची ती त्यानंतर.