तारेच्या कुंपणातले नभोवाणीगृह

आपल्या सीमाभागात रेडिओचा काटा जरासा सरकवला की भाषा बदलते. धारवाडची कन्नड, सांगलीची मराठी, पणजीची कोकणी. तिन्ही ऐकणारी माणसे एकाच घरात सापडतात. ध्वनिलहरींना नाका आडवा येत नाही. त्या जिथून निघतात त्या इमारतीला मात्र जमीन लागते, आणि जमीन म्हटली की हद्द आली. दहावीच्या वर्गात शीतयुद्ध शिकवताना म्हणूनच मी बर्लिनच्या भिंतीआधी बर्लिनच्या नभोवाणीगृहाची हकीकत सांगतो.

हान्स पोएल्त्सिग या वास्तुविशारदाने ही इमारत योजली आणि २२ जानेवारी १९३१ रोजी तिचे उद्घाटन झाले. माझुरेनअ‍ॅले या रस्त्यावरची तिची दर्शनी बाजू सुमारे दीडशे मीटर लांब, काळपट चकाकत्या फरशांनी मढवलेली. रचना मोठी हुशारीची. ध्वनिमुद्रणाची तीन मोठी दालने मधोमध आणि कचेऱ्यांच्या खोल्या भोवताली, म्हणजे रस्त्यावरचा गोंगाट बाहेरच्या बाहेर अडावा.

गोंगाट अडला, सत्ता अडली नाही. १९३३ साली नाझी राजवट आली आणि नभोवाणी गोबेल्सच्या प्रचारखात्याच्या हाती गेली. बर्लिन केंद्राचे माजी संचालक हान्स फ्लेश आणि लोकप्रिय निवेदक आल्फ्रेड ब्राउन यांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओरानियनबुर्गच्या छळछावणीत धाडण्यात आले. ज्यांच्या आवाजाने ते केंद्र नावारूपाला आले, त्यांचाच आवाज आधी बंद झाला.

मे १९४५ मध्ये सोव्हिएत फौजांनी इमारत ताब्यात घेतली आणि १३ मे रोजी तिथून पुन्हा प्रक्षेपण सुरू केले. पुढे शहराच्या चार वाटण्या झाल्या. इमारत ब्रिटिश विभागात आली, पण रशियनांनी ताबा सोडला नाही. त्यांचे प्रक्षेपक मनोरे तर टेगेल इथे, म्हणजे फ्रेंच विभागात! बर्लिनच्या नाकेबंदीत तिथे विमानतळ उभारताना ते आड येऊ लागले, तेव्हा १६ डिसेंबर १९४८ रोजी फ्रेंचांनी ते सुरुंग लावून पाडले. जून १९५२ मध्ये ब्रिटिशांनी नभोवाणीगृहाभोवती काटेरी तारा ओढल्या. पूर्वेकडचे कर्मचारी निघून गेले, यंत्रसामग्री हलवली गेली आणि आत उरला तो सोव्हिएत पहारा. बोलण्यासाठी बांधलेली वास्तू चार वर्षे मुकी उभी होती.

१९५६ च्या जुलैत इमारत पश्चिम बर्लिनच्या नगरशासनाला परत मिळाली. डागडुजीनंतर १९५७ अखेर ‘झेंडर फ्रायेस बर्लिन’ ही तिथली प्रादेशिक नभोवाणी संस्था या वास्तूत आली. १९६१ साली भिंत उभी राहिली, १९८९ साली ती कोसळली. १ मे २००३ रोजी या संस्थेचे आणि शेजारच्या ब्रांडेनबुर्ग प्रांतातल्या संस्थेचे एकत्रीकरण झाले. नव्या संस्थेची मुख्यालये दोन: बर्लिनचे हे जुने घर आणि पोट्सडाम.

वाचकहो, आपल्याला सर्वांत जवळची वाटावी अशी गोष्ट याच्याही पुढे आहे. ब्रांडेनबुर्गच्या दक्षिणेला कोटबुस शहराच्या परिसरात सॉर्ब नावाचा छोटा स्लाव समाज राहतो. त्यांच्या भाषेला तिथे कायद्याचे संरक्षण आहे, गावांच्या पाट्याही दोन भाषांत असतात. लोअर सॉर्बियन ही त्यांची बोली बोलणारी माणसे आता फारच थोडी उरली आहेत. तरीही ही संस्था कोटबुसहून त्यांच्यासाठी आकाशवाणीचे कार्यक्रम देते, आणि ‘लुझित्सा’ हा दूरदर्शनचा मासिक कार्यक्रम १९९२ पासून चालू आहे.

जे घर एकेकाळी एकाच पक्षाचा आवाज साऱ्या देशाच्या कानांत ओतत होते, त्याच घरातली संस्था आज मूठभरांच्या भाषेसाठी वेळ राखून ठेवते. भिंती त्याच आहेत, दालने तीच आहेत. इमारत कोणाची, हा प्रश्न पहारेकरी नेमून सुटतो. आवाज कोणाचा, हा प्रश्न तसा सुटत नाही. दोन भाषांच्या मुलांना एका बाकावर बसवून शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना तो रोजच सोडवावा लागतो.