भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख : सुब्रतो मुखर्जी

स्वातंत्र्यानंतर १५ जानेवारी १९४९ रोजी भूदलाची सूत्रे जनरल करिअप्पा यांच्या हाती आली. हवाई दलाला मात्र भारतीय प्रमुख मिळायला १ एप्रिल १९५४ हा दिवस उजाडला. तोपर्यंत एल्महर्स्ट, आयव्हेलॉ-चॅपमन आणि गिब्ज हे तीन ब्रिटिश अधिकारी प्रमुख होते. हा उशीर का झाला, ते मुखर्जींच्या कारकिर्दीवरून पाहू.

सुरुवात

सुब्रतो मुखर्जी यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कोलकात्यात झाला. याच शहरात जन्मलेले इंद्रलाल रॉय पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक होते, पण ब्रिटिश दलात. भारताचे स्वतःचे हवाई दल तेव्हा नव्हतेच. १९३० मध्ये सहा भारतीय तरुण इंग्लंडमधील क्रॅनवेल येथे प्रशिक्षणासाठी दाखल झाले. मुखर्जी त्यांपैकी एक. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हवाई दल स्थापन झाले आणि त्याच दिवशी त्यांना कमिशन मिळाले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे फक्त चार वापिती विमाने होती.

पायरीपायरीने

१९३९ मध्ये त्यांनी या स्क्वाड्रनचे नेतृत्व स्वीकारले. स्क्वाड्रन सांभाळणारे ते पहिले भारतीय. दुसऱ्या महायुद्धात कोहाटचा हवाई तळ त्यांच्याकडे आला, तेही भारतीयाच्या वाट्याला प्रथमच.

आता साधी वजाबाकी करा. करिअप्पांना १९१९ मध्ये कमिशन मिळाले होते, म्हणजे १९४९ पर्यंत जवळपास ३० वर्षांचा अनुभव. स्वातंत्र्याच्या वेळी मुखर्जींची सेवा जेमतेम १५ वर्षांची होती आणि हवाई दलाचे वयही तेवढेच! सत्ता एका मध्यरात्री हाती येते. विमानतळ, कार्यशाळा आणि प्रशिक्षण सांभाळणारा अधिकारी मात्र वर्षानुवर्षांच्या सेवेतून घडतो.

प्रमुखपदी

१९५५ च्या कायद्याने 'कमांडर-इन-चीफ' हे पदनाम गेले. राज्यघटनेनुसार सैन्यदलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे, त्यामुळे मुखर्जी 'चीफ ऑफ द एअर स्टाफ' झाले. त्यांच्या कारकिर्दीत कॅनबेरा, हंटर आणि मिस्टेअर ही जेट विमाने दलात आली.

८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियो येथे जेवताना श्वासनलिकेत घास अडकून त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९. त्यांच्या पत्नी शारदा, माहेरच्या पंडित, १९६२ मध्ये रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून आल्या. शालेय फुटबॉलचा सुब्रतो चषक आजही मुखर्जींच्या नावाने खेळला जातो.

विचार करा : नौदलाला पहिला भारतीय प्रमुख १९५८ मध्ये मिळाला. वरची वजाबाकी तिथे लागू पडते का?