चुलीपासून ओट्यापर्यंत

रसायनी हें नांव अलीकडचें. १९६० सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना पाताळगंगेच्या कांठीं आला आणि तें रूढ झालें. मोहोपाडा, आपटा हीं गांवें मात्र त्याहून जुनीं. तेथील एखाद्या जुन्या कौलारू घरांतील स्वयंपाकघराचें नूतनीकरण जो स्वहस्तें आरंभितो, तो बहुधा प्रथम धुरानें काळी झालेली भिंत फोडावयास धांवतो. आमच्या मतें त्यानें आधीं वर आढ्याकडे पाहावें.

चूल व वैल यांचा धूर कौलांच्या फटींतून जाई. त्यानें गृहिणीचे डोळे चुरचुरत; पण वासे कोरडे राहून कीडही दूर राही. १९५५ सालीं बर्मा-शेलनें मुंबईंत घरगुती गॅस आणला. पुढें तो खेडोपाडीं पोंचला, धूर थांबला, आणि गृहिणी चुलीपुढून उठून ओट्यापाशीं उभी राहिली. हा लाभ निर्विवाद होय. परंतु धुराचें राखणीचें काम कोणीं पत्करलें नाहीं. म्हणून वाळवी लागलेले वासे बदलून, कौलें परतून, मगच ओटा बांधावा. मातीच्या भिंतीस सिमेंटचा नव्हे, चुन्याचा गिलावा द्यावा; म्हणजे कोंकणच्या पावसाची ओल आंत कोंडणार नाहीं.

घर अवश्य बदलावें. पण जुनी चूल मुकाट्यानें कोणतें काम करीत होती, याचा हिशेब आधीं करावा, एवढेंच आमचें सांगणें.