आजीचे 30 गुंठे

आजी कुठलीही गोष्ट मापापासून सुरू करायची. चांदवडच्या अधिवेशनाची गोष्ट भाकरीपासून सुरू व्हायची. "दोन दिवसांच्या चौदा भाकरी बांधल्या, वर मिरचीचा ठेचा. ट्रॉलीत आम्ही एकवीस बाया." एवढा हिशेब झाला की मग ती पुढे जायची.

तारीख होती 9 आणि 10 नोव्हेंबर 1986. भाऊबीज होऊन आठवडाही लोटला नव्हता, फराळाचे डबे अजून निम्मे भरलेले होते. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन चांदवडला भरलं आणि त्या दोन दिवसांत तालुक्याच्या त्या छोट्या गावात लाखाच्या वर बायका जमल्या. मी चार वर्षांचा होतो. मला आजोबांजवळ ठेवून आजी आणि आई दोघी गेल्या. आजोबांनी त्या दोन दिवसांत पहिल्यांदा चूल पेटवली, असं आई सांगते. मला त्यातलं काही आठवत नाही. माझ्याजवळ आहे ते सगळं या दोघींच्या तोंडून आलेलं.

संघटनेचे नेते शरद जोशी टपाल खात्यातले अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरीला होते. ती सोडून 1976 मध्ये ते परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले, हे मी नंतर वाचलं. आजीला त्यातलं बर्न माहीत नव्हतं. तिला 1980 चा नोव्हेंबर माहीत होता. ऊस-कांद्याच्या आंदोलनात नाशिक जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे अडली, खेरवाडीला गोळीबार झाला आणि दोन शेतकरी गेले. आजोबा तेव्हा पंधरा दिवस घराबाहेर होते. घर, गुरं आणि रोपाला पाणी आजीने पाहिलं. तिच्या मते आंदोलन तेही होतं, फक्त ते कुणी मोजलं नाही.

चांदवडच्या मांडवात तिच्या मनात रुतलेली गोष्ट एकच. "तिथं एकीनं विचारलं, तुमच्या नावावर काय आहे गं? माझा हात आपोआप गळ्याशी गेला. पोत होती. ती पण सासऱ्यांनी केलेली." हे सांगताना आजीचा हात खरोखर गळ्याशी जायचा. ही गोष्ट मी पन्नासदा तरी ऐकली असेन आणि हात दर वेळी तिथेच जायचा.

मोजण्याची तिची सवय 1972 च्या दुष्काळातली. चांदवड म्हणजे सातमाळ्याच्या रांगेचा पायथा. पश्चिमेचा पाऊस इथपर्यंत येता येता थकतो. त्या वर्षी तर विहिरींचे तळ दिसत होते. आजी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. खडीचा ढीग बिनबुडाच्या लाकडी पेटीने मोजत. शंभर घनफुटांचा एक ब्रास आणि ब्रासावर मजुरी. पेटी भरताना कोपरे पोकळ राहिले की मजुराचा फायदा आणि दाबून भरली की त्याचं नुकसान, हे तिने आठ दिवसांत ओळखलं. शाळेची पायरीही न चढलेल्या बाईने लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार खडीवर शिकून घेतला. घनफळ मला शाळेत यायच्या आधी तिने काड्यापेट्या रचून शिकवलं. मी पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झालो, त्याचा पहिला धडा तो.

आजोबांच्या गोष्टी वेगळ्या, त्या जमिनीखालून जायच्या. होळकरांच्या रंगमहालातून थेट रेणुकामातेच्या देवळापर्यंत भुयार आहे, अहिल्याबाई त्यातून दर्शनाला जायच्या, असं ते अगदी खात्रीने सांगत. कॉलेजात असताना मी हट्टाने विचारलं होतं, हवा कुठून यायची, खोदलेली माती कुठे टाकली? आजोबा रागावले नाहीत. ते मला रंगमहालातल्या बारवेवर घेऊन गेले. पायऱ्या उतरत खाली नेलं, दगडाच्या सांध्यावर बोट फिरवायला लावलं आणि म्हणाले, "हे तरी दिसतंय ना?" खरंच, नख शिरत नव्हतं. जवळजवळ तीस वर्षं राज्याचा कारभार हाती ठेवलेल्या बाईने देवळाबरोबर पाणीही बांधून ठेवलं, हे भुयाराहून मोठं आहे, असं मला तेव्हापासून वाटत आलं.

जोशींनी पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. नवऱ्याने आपल्या जमिनीतला तुकडा बायकोच्या नावावर करायचा. ज्या गावात शंभर जण असं करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. 1992 मध्ये सरकारनेही त्याच नावाने परिपत्रक काढून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट सोपी केली. आमच्या गावात शंभर काही भरले नाहीत. पण आजोबा तलाठ्याकडे गेले आणि विहिरीकडचे 30 गुंठे आजीच्या नावावर करून आले. चांगला तुकडा होता, बागायती. भावकीत बोलणी झाली. "बाईच्या नावावर रान, उद्या माहेरी नेईल," असं एक जण घरात येऊन म्हणाला. आजीने उतारा घडी घालून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि त्याला चहा दिला.

त्या 30 गुंठ्यांवर मी इंजिनिअर झालो. फीला पैसे नव्हते. आजोबांच्या नावच्या रानात तीन भावांचे वाद अडकलेले, त्यावर कर्ज मिळेना. आजीचा उतारा स्वच्छ होता. तिने अंगठा दिला, इतर हक्कात बोजा चढला आणि मी पुण्याला गेलो. बोजा उतरायला नोकरीची पाच वर्षं लागली.

नोकरी शीतगृहांची, म्हणजे थंडी मोजण्याची. त्यामुळे घरचा कांदा मला नव्या डोळ्यांनी दिसू लागला. कांदा काढल्यावरही जिवंत असतो, श्वास घेतो. शून्य-दोन अंशांवर तो निजतो. पंचवीस ते तीसवर, हवा कोरडी असली तर टिकतो. मधल्या थंडाव्यात त्याला मोड येतात. म्हणून आपली साधी कांदाचाळ शहाणपणाची आहे: तळ जमिनीपासून उचललेला, बाजूला फटी, थर पाच फुटांच्या आत. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने हीच रचना मापात बसवून दिली. लासलगावला 2002 पासून भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक' आहे. तिथे कोबाल्टच्या गॅमा किरणांनी कांद्याचे मोड थांबवता येतात. मी ते मुद्दाम जाऊन पाहिलं. विज्ञान चोख आहे. पण किरणांनी मोड थांबतो, सड थांबत नाही, वजनातली घटही थांबत नाही. त्याला पुढे थंड साठवण लागते आणि तिचा खर्च क्विंटलमागे कोण सोसणार, या प्रश्नाला गॅमा किरण उत्तर देत नाहीत.

2023 च्या उन्हाळ्यात मी आमच्या चाळीत ओलावा आणि तापमान मोजणारी यंत्रं बसवली. आजी त्र्याऐंशीची. ती कोपरापर्यंत हात ढिगात घालून ऊब पाहायची, मग बोटं हुंगायची. जुलैत यंत्राने मधल्या कप्प्यात ओल वाढल्याचं दाखवलं. आजीच्या हाताला ते दोन दिवसांनी लागलं. तिला आनंद झाला. कप्पा मोकळा केला, काजळी धरलेला माल बाजूला काढला, बाकीचा वाचला. "हे आधी असतं तर किती कांदा उकिरड्यावर गेला नसता," एवढंच ती म्हणाली. तंत्रज्ञानाबद्दल तिच्या मनात कधी अढी नव्हती. बाजाराचं आणि तंत्रज्ञानाचं, दोन्ही स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवं, हे जोशींचं म्हणणं तिला पाठ होतं.

आणि 19 ऑगस्टला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. पुढच्या सोमवारपासून जिल्ह्यातले लिलाव बंद. चाळीत निरोगी कांदा, यंत्राचे सगळे आकडे चांगले आणि गाडी भरून न्यायला बाजारच नाही. डिसेंबरात निर्यातबंदीच आली, ती मे 2024 पर्यंत राहिली. मी वीस वर्षं नासाडी कमी करण्याचं काम करतोय आणि त्यावर माझा विश्वास आहे. पण एका अधिसूचनेने जेवढं नुकसान होतं तेवढं काजळी कधी करत नाही, हे मी घरच्या चाळीत उभं राहून पाहिलं. शहरातल्या मित्रांशी यावर वाद होतात. स्वस्त कांदा त्यांनाही हवा, मलाही कळतं. मात्र तो स्वस्तपणा दर वेळी एकाच घराच्या खिशातून काढायचा, हे मला मान्य नाही.

एक गोष्ट घरातली आहे आणि ती सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आजोबा 2008 मध्ये गेले. वारसनोंदीत आजी, माझे वडील अण्णा, काका आणि आत्या अशी चार नावं लागली. 2005 च्या कायद्याने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला होता. तरी तीन महिन्यांत आत्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. नेणाऱ्या गाडीत मी होतो. गाडी मी चालवत होतो. सगळेच करतात, माहेर तुटायला नको, असं आत्याच म्हणाली आणि आम्ही ते सोयीने खरं मानलं. आजी त्या दिवशी जेवली नाही. चांदवडला जाऊन आलेल्या बाईच्या घरात हे झालं आणि होताना मी गप्प बसलो.

आजी मागच्या वर्षी गेली. पत्र्याच्या डब्यात उताऱ्याखाली नोंदवलेलं मृत्युपत्र निघालं. तारीख हक्कसोडीनंतरच्या दुसऱ्याच महिन्याची. 30 गुंठे आत्याला. अण्णांनी ते मोठ्याने वाचलं आणि कुणीच काही बोललं नाही.

फेरफार मंजूर झाला आहे. यंदा त्या तुकड्यात उन्हाळ कांदा अण्णांनीच लावला. त्याचा खंड त्यांनी आत्याच्या हातात दिला आणि तिने पावतीवर सही केली.