नळाने झाड का पाडलं?

आधी एक साधा प्रश्न. दोन फासे एकदम टाकले, तर बेरीज ११ येण्याची शक्यता जास्त, की १२ येण्याची? "११ ला एक पाच आणि एक सहा लागतो, १२ ला दोन सहा. दोन्हीचा एकेकच प्रकार, म्हणजे शक्यता सारखी," असं ज्यांच्या मनात आलं, त्यांनी लाजू नये. १७१४ साली लायब्निट्झने एका पत्रात हेच लिहिलं होतं. कॅल्क्युलसचा एक जनक हा! एक फासा लाल घ्या, एक पांढरा, म्हणजे चूक दिसते. लालवर पाच आणि पांढऱ्यावर सहा हा एक प्रकार, त्याच्या उलट हा दुसरा. ३६ पैकी ११ चे प्रकार दोन, १२ चा एक. शक्यता दुप्पट.

पण चुकणं वेगळं आणि चुकीवर अडून बसणं वेगळं. १७५४ साली द'आलंबेर या फ्रेंच गणितज्ञाने मोठ्या ज्ञानकोशात लिहिलं, की नाणं दोनदा उडवलं तर एकदा तरी छापा येण्याची शक्यता दोन तृतीयांश. का? तर पहिल्यांदाच छापा आला की खेळ संपला, मग उरतात तीनच प्रकार. आता त्या तिघांचं वजन सारखं नाही, हे त्याने धरलंच नाही. खरं उत्तर तीन चतुर्थांश. आक्षेप आले, त्यातला एक त्याच ज्ञानकोशात छापलाही गेला. पण गडी काही आपली शंका सोडायला तयार नाही.

आता दुसऱ्या जातीचा हट्ट बघा, आणि तो आपल्या विदर्भाच्या वाटेवरचा आहे. महाभारताच्या वनपर्वात राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या स्वयंवरासाठी अयोध्येहून निघालाय. सारथी आहे बाहुक, म्हणजे फाशांच्या खेळात राज्य घालवलेला नळ. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. त्या काळी फासे म्हणून याच झाडाची फळं वापरत. राजा नुसतं बघून सांगतो, की या दोन फांद्यांवर फळं २०९५. नळ रथ थांबवतो. म्हणतो, मोजल्याशिवाय मानणार नाही. राजाला घाई, दिवस मावळायच्या आत पोचायचंय. घाई असेल तर दुसरा सारथी घेऊन जा, असं नळ त्याला ऐकवतो! मग झाड पाडतो, मोजतो. आकडा तंतोतंत जुळतो.

आणि इथे नळ काय करतो? वाद घालत नाही. "ही विद्या मला शिकवा," म्हणतो. बदल्यात अश्वविद्या देऊन अक्षहृदय, म्हणजे फाशांचं मर्म, शिकतो आणि पुढे गेलेलं राज्य परत जिंकतो. संभाव्यतेच्या इतिहासावर १९७५ साली पुस्तक लिहिणाऱ्या इयान हॅकिंगलाही या कथेची दखल घ्यावीशी वाटली.

हट्टी दोघेही. फरक इतकाच, की नळ मोजायला खाली उतरला. घरी वाद झाला तर तेवढंच करा. दोन रंगांचे फासे घ्या आणि ३६ प्रकार कागदावर मांडा.