मूठभर गवत

केशोरीच्या अंगणात मिरची वाळत पडली आहे. ठसका लागतो, डोळे मिटतात, आणि उघडता तेव्हा जिल्हा बदललेला असतो. गोंदिया नाही, भंडारा. महाराष्ट्र नाही, मध्यप्रांत-वऱ्हाड. साल 1930. जंगल मात्र तेच, आणि त्यात शिरताना नाकेदार कुठे आहे ते बघून घ्यायची सवयही तीच.

त्या सवयीनेच 10 जुलैला पुसदजवळच्या धुंदीच्या रानात तुम्ही गर्दीच्या मागे उभे राहता. ओल्या गवतात पन्नाशीला टेकलेला एक वकील वाकतो. वणीचा जन्म, यवतमाळची वकिली: माधव श्रीहरी अणे, लोकांचे बापूजी. आपण जंगलाचा कोणता कायदा मोडतोय हे गर्दीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. विळ्याला मात्र त्यांचा हात सरावलेला नाही; धान कापणाऱ्या तुमच्या नजरेला ते लगेच कळतं. मूठभर गवत निघतं. तेवढ्यावर अटक.

मधली वर्षं ओलांडा. नोव्हेंबर 1942, दिल्ली. तेच बापूजी आता व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आहेत, परदेशातल्या भारतीयांचं खातं त्यांच्याकडे. त्यांच्याच बंगल्यात सेवाग्रामहून आलेले प्राध्यापक भन्साळी उपोषणाला बसलेत. ऑगस्टमध्ये चिमूरला बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले त्यांची चौकशी करा, एवढंच मागणं. चिमूर म्हणजे परका मुलूख नव्हे. तुमच्या झाडीपट्टीतली बोली तिथेही कानावर पडते. तुम्ही दाराशी थांबता. बापूजी आता वहाणा सरकवतील, चिमूरची वाट धरतील. ते जात नाहीत. भन्साळींना पोलीस उचलून परत सेवाग्रामला पाठवतात. पुढे त्यांचं उपोषण 63 दिवस चालतं.

खुर्ची लागली की विळा सुटतो, असं म्हणून तुम्ही पाठ फिरवणार, तोच फेब्रुवारी 1943 उजाडतो. गांधीजींचं कैदेत एकवीस दिवसांचं उपोषण सुरू आहे. होमी मोदी आणि नलिनीरंजन सरकार यांच्याबरोबर बापूजी राजीनामा देऊन मोकळे होतात. गांधींसाठी दिला, चिमूरसाठी नाही. मला विचाराल तर राजीनामा खराच, पण तीन महिने उशिरा आला. झाडीतल्या कुणी तो हिशेब मनात ठेवला तर त्याला काय बोलणार?

ऑगस्टमध्ये कोलंबो. आता ते सिलोनमधले भारत सरकारचे प्रतिनिधी, 1947पर्यंत. चहा-रबराच्या मळ्यांतले तमिळ मजूर, ज्यांची पोरंही तिथलीच, त्यांनी मतासाठी कायमच्या वास्तव्याचा पुरावा द्यायचा! टेबलाशी बसलेला माणूस तुम्हाला ओळखीचा वाटतो. यवतमाळचा वकीलच तो, फक्त पक्षकार समुद्रापलीकडचे, आणि खटला काही त्याच्या हातून सुटत नाही. 1948च्या नागरिकत्व कायद्याने त्यातले लाखो जण कुठल्याच देशाचे उरले नाहीत.

तेव्हा बापूजी पाटण्यात होते, बिहारचे राज्यपाल, 1952पर्यंत. पुढे नागपूरहून लोकसभा, वेगळ्या विदर्भाचा हट्ट, आणि टिळकांवर संस्कृतात महाकाव्य, ज्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो 1973 साली. बापूजी 26 जानेवारी 1968लाच गेले होते.

ठसका थांबतो. केशोरी. संध्याकाळ झाली आहे, डोक्यावर मोळी आहे, आणि वळणावर नाकेदार उभा आहे. तो मोळीकडे बघतो, तुम्ही त्याच्याकडे.