१५ ऑक्टोबर : आगरकरांचा 'सुधारक' सुरू

१८८८ : गोपाळ गणेश आगरकरांच्या 'सुधारक' या साप्ताहिकाचा पहिला अंक पुण्यात निघाला. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली जन्मलेले आगरकर १८८१ मध्ये टिळकांसह 'केसरी' सुरू करणाऱ्यांपैकी एक आणि त्याचे पहिले संपादक. वय अवघे चोवीस. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आधी सामाजिक सुधारणा की राजकीय, या वादातून आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला. 'सुधारक' मराठी व इंग्रजीत निघे; इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळत. बालविवाह, केशवपन यांवर कडाडून लिहिणाऱ्या आगरकरांची सनातन्यांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. लेखणी मात्र थांबली नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.